रामोजी फिल्म सिटीला मुलांना घेऊन जाताय? या चुका टाळा

पहिल्यांदा गेलो तेव्हा दुपारी दोनच्या सुमाराचं आमचं चित्र असं होतं: धाकटी माझ्या खांद्यावर झोपलेली, थोरला कारंज्याच्या कट्ट्यावर फतकल मारून बसलेला, सासूबाईंच्या चपलेचा अंगठा तुटलेला, आणि आमचे हे हातातल्या नकाशावर अजून काय काय राहिलंय ते मोजत उभे. "इतके पैसे भरलेत, हे तरी बघूनच जाऊ" असं म्हणत त्यांनी आम्हाला आणखी दोन बागा फिरवल्या. त्यातली एकही आज कुणाला आठवत नाही.

दोन वर्षांनी पुन्हा गेलो. मुलं तीच, जागा तीच, सासूबाईही त्याच. निम्म्याच गोष्टी पाहिल्या आणि मुलं अजून त्या दिवसाबद्दल बोलतात. मधल्या काळात फिल्म सिटी बदलली नव्हती, आम्ही जरा शहाणे झालो होतो. सोलापूर, लातूर, नांदेड, पुणे या बाजूंनी मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत जी कुटुंबं हैदराबादकडे निघतात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

बाग समजून जाणं

ही पहिली चूक आणि बाकीच्या बहुतेक चुका तिच्याच पोटातून निघतात. आपल्या डोक्यात असतं की फाटकातून आत शिरायचं, पाळणे, घसरगुंड्या, भेळ, आणि संध्याकाळी बाहेर. १९९६ मध्ये सुरू झालेली रामोजी फिल्म सिटी सुमारे १,६६६ एकरांवर पसरली आहे. जगातलं सर्वांत मोठं फिल्म स्टुडिओ संकुल म्हणून गिनेस बुकात तिची नोंद आहे. म्हणजे हा मुळात स्टुडिओ, चित्रीकरणाचा कारखाना. पर्यटन त्याच्या अंगणात चालतं. एखाद्या सेटवर काम सुरू असेल तर त्या दिवशी तो भाग बंद असू शकतो. त्यावर फाटकावरच्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नाही.

तुमची गाडी महामार्गालगतच्या फाटकाशीच राहते. तिथून त्यांच्या बसने आत जायचं, आणि आत गेल्यावर सेट आणि बागा बघायला पुन्हा त्यांच्याच लाल, जुन्या धाटणीच्या बसमध्ये बसायचं. त्यामुळे गाडीत विसरलेली वस्तू ही दिवसभरापुरती विसरलीच म्हणून समजा. आम्ही पहिल्या वेळी धाकटीचं तापाचं औषध, जादा कपडे आणि टोप्या, सगळं डिकीत ठेवून आत गेलो होतो. आता फाटकाशी उतरण्याआधी पाच मिनिटं काढून एकच पाठपिशवी भरते: प्रत्येक मुलाचा एक कपड्यांचा जोड, टोपी, पाण्याच्या बाटल्या, औषधं, ओआरएसची दोन पाकिटं, ओले रुमाल, पॉवर बँक. दुसरी पिशवी नाही. दोन पिशव्या नेल्या की दुसरी शेवटी आईच्याच खांद्यावर येते.

छोटी बाबागाडी असेल तर जरूर न्या, पण चटकन घडी होणारी. बसमध्ये चढ-उतार इतक्या वेळा होते की मोठी गाडी म्हणजे कडेवर घ्यायचं दुसरं मूलच.

शहराच्या भलत्याच टोकाला मुक्काम

आपल्या मराठी घरांतली ही हमखास चूक. कुणाचा तरी भाचा, दीर किंवा मैत्रीण आयटीमध्ये असते आणि राहते गच्चीबावली, कोंडापूर, नाहीतर मियापूरला. "हॉटेलला कशाला पैसे, आमच्याकडेच उतरा" असा आग्रह होतो. आग्रह खरा असतो, प्रेम खरं असतं, आणि अंतरही खरं असतं. हे सगळं शहराच्या पश्चिम टोकाला. फिल्म सिटी पूर्वेला, विजयवाड्याच्या रस्त्यावर, शहरापासून साधारण ३० किलोमीटर पुढे. सकाळच्या गर्दीत शहर आडवं ओलांडून पोचेपर्यंत मुलांची पहिली भूक, पहिलं भांडण आणि पहिली उलटी, तिन्ही उरकलेली असतात.

नातेवाइकांकडे जायचं तर फिल्म सिटी झाल्यावर जा. आदल्या रात्री एल. बी. नगर, दिलसुखनगर, हयातनगर या बाजूला मुक्काम करा. मेट्रोची लाल मार्गिका मियापूरहून थेट एल. बी. नगरला येते. त्यामुळे रेल्वेने आलेल्यांनाही हे टोक गाठणं अवघड नाही, आणि पुढे टॅक्सी मिळते. संकुलाच्या आतही सितारा, तारा, शांतिनिकेतन अशी वेगवेगळ्या खिशांची हॉटेलं आहेत. तान्हं बाळ किंवा गुडघे दुखणारे आजी-आजोबा बरोबर असतील तर तिथल्या एका रात्रीचा खर्च मी वायफळ म्हणणार नाही.

स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट. सोलापूरहून नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद, झहीराबाद करत जाणारा आपला रस्ता म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ६५, आणि फिल्म सिटीही याच महामार्गावर आहे. म्हणून बरेच जण मॅपकडे न बघता सरळ नाकासमोर जातात आणि अख्ख्या हैदराबादच्या पोटातून गाडी काढतात. तसं करू नका. पाटणचेरूजवळ आउटर रिंग रोडवर चढा, शहराला वळसा घाला आणि पेद्दा अंबरपेटला उतरून विजयवाड्याच्या दिशेला लागा. किलोमीटर वाढतात, टोल लागतो, पण सिग्नल एकही नाही. फास्टॅगमध्ये पैसे आहेत ना, ते मात्र सोलापूर सोडण्याआधी बघा.

"शूटिंग बघायला मिळेल" असं सांगून नेणं

मुलांना कबूल केलेली गोष्ट मिळाली नाही की बाकी सगळं फिकं पडतं. हिरो दिसेल, शूटिंग दिसेल, असं काहीही कबूल करू नका. बाहुबलीचा सेट मात्र आहे. दोन्ही भागांचं बरंच चित्रीकरण इथे झालं आणि माहिष्मतीचा सेट पर्यटकांसाठी राखून ठेवला आहे. तेवढं बिनधास्त सांगा.

माझा अनुभव असा की मुलांना खरी मजा येते ती खोटं कसं बनवतात हे बघताना. इथल्या सेटवर एकाच इमारतीची एक बाजू एक असते आणि वळसा घालून गेलं की तीच इमारत भलतंच काहीतरी होते. बसमधला गाइड हे भराभर सांगून पुढे जातो. आम्ही दुसऱ्या खेपेला मुलांना कामाला लावलं: दगडी दिसणारं पण दगडाचं नसलेलं काय काय सापडतं ते शोधा. थोरल्याने खांबाला बोटाने टकटक करून "आई, पोकळ!" असं जे ओरडून सांगितलं, त्यात तिकिटाचे पैसे फिटले.

तसंच मूव्ही मॅजिक नावाच्या भागातल्या अॅक्शन स्टुडिओचं. प्रेक्षकांतूनच कुणाला तरी पुढे बोलावतात, अभिनय करून घेतात, दुसऱ्यांकडून आवाज काढून घेतात आणि शेवटी ते सगळं जोडून पडद्यावर दाखवतात. मागे बसलात तर निवड होत नाही. लाज गुंडाळून ठेवा, पुढच्या रांगेत बसा आणि हात वर करा. आमच्या सासूबाईंनी केला होता.

जाता जाता आणखी एक, मोठ्यांसाठी. २००० साली सुरू झालेली ई टीव्ही मराठी ही तेव्हा रामोजी समूहाचीच वाहिनी होती. तिच्या मराठी बातम्या कित्येक वर्षं इथूनच प्रसारित व्हायच्या. महाराष्ट्रातून आलेली कितीतरी तरुण पत्रकार मंडळी इथे घडली. बसमधून जाताना ह्यांनी हे सांगितलं तेव्हा मुलांनी जांभई दिली, पण मला गंमत वाटली.

दिवसाचा क्रम उलटा लावणं

आत पोचल्या पोचल्या मुलांना फंडुस्तान दिसलं की संपलं. हा खास मुलांसाठीचा भाग आहे आणि तिथून त्यांना बाहेर काढणं म्हणजे गुळाला चिकटलेला मुंगळा सोडवणं. पहिल्या वेळी आम्ही सकाळचे गार दोन तास तिथे घालवले आणि बिनछपराच्या सेटवर भर उन्हात गेलो. एप्रिल-मेमध्ये हैदराबादचा पारा चाळिशी गाठतो. सोलापूरकरांना त्याचं कौतुक नाही, पण आपण तरी घरी असताना भर दुपारी मुलांना असं हिंडवतो का?

आता क्रम असा: सकाळी सर्वांत आधी लाल बसची फेरी, म्हणजे सेट आणि बागा. ऊन चढलं की छपराखालचे कार्यक्रम. जेवण बारालाच, गर्दीच्या आधी. उन्हं कलली की फंडुस्तान. वाइल्ड वेस्ट स्टंट शोसारख्या कार्यक्रमांच्या वेळा ठरलेल्या असतात. आत शिरताच त्या दिवशीच्या वेळापत्रकाचा मोबाइलवर फोटो काढा आणि त्यातले फक्त दोन कार्यक्रम पक्के करा. उरलेलं जमलं तर जमलं.

बागा सगळ्या बघायच्या नाहीत. हे वाक्य ह्यांना पटायला दोन वर्षं लागली.

उंची घरी न मोजणं

काही राइड आणि साहसी खेळांना उंचीची अट असते. मुलाला अर्धा तास रांगेत उभं करून मग पट्टीशी नेऊन "नाही" ऐकवणं हा छळ आहे. घरीच भिंतीशी मोजा, आणि आत गेल्यावर रांगेत शिरण्याआधी पाटी वाचा. भावंडांपैकी एक बसणार आणि दुसरं नाही असं असेल तर दुसऱ्यासाठी आइस्क्रीम आधीच ठरवून ठेवा. बूट जाड तळव्याचे घालून सेंटिमीटर चोरू नका, ती अट मुलाच्या जिवासाठी असते.

बोरासुरा नावाची भुताखेतांची अंधारी वाट आहे. "काही नसतं रे, चल" म्हणून रडत्या मुलाला आत ओढून नेणारे बाप मी दोन्ही वेळा पाहिले. एकाने मुलासोबत बाहेर बसावं, उरलेल्यांनी जाऊन यावं. मूल आत घाबरलंच तर त्याला उचलून घ्या, तोंड खांद्याकडे करा आणि भुतांबद्दल न बोलता आज रात्री काय जेवायचं ते विचारा. आमच्याकडे हा उपाय लागू पडतो.

खाण्यापिण्याचं

बाहेरचा डबा आत नेता येईल असं धरून चालू नका. तान्ह्या बाळाच्या खाण्याला सवलत आहे का, ते तिकीट काढतानाच विचारा. शेंगाचटणी आणि कडक भाकरी गाडीत राहू द्या, परतीच्या वाटेवर तिची चव दुप्पट लागते. सकाळी पोटभर नाश्ता करूनच फाटकात शिरा. आतलं जेवण लहान मुलांना तिखट लागू शकतं. अशा वेळी दहीभात मागा, तो या मुलखात मिळतोच.

बिघडलं तर

मूल हरवलं तर आधी सगळ्यांनी सगळीकडे पळू नये. एकाने शेवटच्या जागी थांबायचं, दुसऱ्याने जवळच्या सुरक्षारक्षकाला गाठायचं. सकाळीच मुलाच्या हातावर बॉलपेनने आपला मोबाइल नंबर लिहा आणि त्या दिवसाच्या कपड्यांसकट त्याचा एक फोटो काढून ठेवा. घाबरल्यावर शर्टाचा रंग आठवत नाही, खरंच नाही आठवत.

बसमधून उतरलेली मंडळी विखुरली आणि बस निघून गेली, तर मागून येणाऱ्या बसच्या थांब्यावरच थांबा. चालत गाठायला जाऊ नका, अंतरं फसवी आहेत.

मूल मलूल झालं, चिडचिडलं, लघवी बरीच कमी झाली, तर तो हट्ट नाही, ऊन लागतंय. सावलीत बसवा, ओआरएस घोट घोट द्या, मान आणि हातपाय ओल्या रुमालाने पुसा. उलट्या थांबेनात किंवा गुंगी आली तर तडक प्रथमोपचार केंद्र विचारा. त्या दिवसाचं फिरणं तिथेच संपलं.

पाऊस आला तर सेट सोडा आणि छपराखालचे कार्यक्रम आधी उरका.

शेवटच्या बसपर्यंत थांबणं

संध्याकाळी बंद व्हायच्या वेळेला सगळं गाव एकाच वेळी फाटकाकडे निघतं. रांगेत पेंगलेली मुलं, हातात फुगे, संपलेले मोबाइल. तासभर आधी निघालात तर बस निवांत मिळते. आणि त्याच रात्री सोलापूर गाठायचा बेत करू नका. तीनशेहून जास्त किलोमीटर आहेत आणि चालवणारा माणूसही दिवसभर उन्हात फिरलेला असतो. आम्ही आता पाटणचेरूच्या अलीकडे कुठेतरी मुक्काम टाकतो, भाकरी-चटणी सोडतो, आणि सासूबाई मुलांना त्या स्टुडिओतला आपला अभिनय पुन्हा एकदा करून दाखवतात.