कॅश वापरताना या चुका टाळा

कॅश म्हणजे वारंवार लागणारा डेटा झटपट मिळावा म्हणून मेमरीत ठेवलेला साठा. त्यासाठीची रेडिस किंवा मेमकॅश्ड ही सॉफ्टवेअर बसवणे हे अर्ध्या तासाचे काम असल्यामुळे, एखादी क्वेरी (डेटाबेसकडे केलेली विचारणा) संथ चालताना दिसली की तिच्यापुढे कॅश उभी करण्याचा मोह नवशिक्यांना आवरत नाही. आधी एक्स्प्लेन (डेटाबेस क्वेरी कशी चालवणार ते दाखवणारी आज्ञा) चालवून पाहा, इंडेक्स (नोंदी लवकर शोधण्याची सूची) आहे का ते तपासा, असे सांगितले की त्यांचे चेहरे पडतात. जो डेटा वारंवार वाचला जातो आणि क्वचित बदलतो, तोच कॅशमध्ये ठेवण्याच्या लायकीचा असतो.

सर्वांत जास्त वेळा दिसणारी चूक म्हणजे सगळ्या नोंदींना एकच मुदत देणे; मुदत म्हणजे जो काळ संपला की नोंद कॅशमधून आपोआप जाते तो. ऑनलाइन विक्रीच्या एका संकेतस्थळाचा डेटाबेस दर तासाला ठरावीक वेळी गुदमरत असे. प्रथम बॅकअपच्या क्रॉनवर (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामावर) संशय घेण्यात आला, मग मोठा डेटाबेस सर्व्हर घेतला गेला आणि शेवटी कोणीतरी कॅशची मुदत एका तासावरून दोन तासांवर नेली. त्यानंतर डेटाबेस दर दोन तासांनी गुदमरू लागला आणि ही सुधारणा समजली गेली. मी स्लो क्वेरी लॉग (संथ क्वेऱ्यांची नोंदवही) उघडला तेव्हा उत्पादनांच्या त्याच त्या क्वेऱ्या एकाच मिनिटात रांगेने उभ्या दिसल्या. डिप्लॉयमेंटनंतर (नवा कोड सर्व्हरवर चढवल्यानंतर) चालणारी स्क्रिप्ट सगळी उत्पादने एका दमात कॅशमध्ये भरत होती, त्यामुळे सगळ्यांची मुदतही एकदमच संपत होती, आणि गर्दीच्या वेळी ती पुन्हा भरली जात तीही जवळजवळ त्याच मिनिटात.

मी मुदत कधीच सरळ ३६०० सेकंद लिहीत नाही. तिच्यात ० ते ६०० मधली यादृच्छिक संख्या मिळवतो, म्हणजे सगळ्या नोंदींची मुदत एकदम संपत नाही. मात्र मुखपृष्ठावरच्या वर्गवारीसारखी एकच नोंद हजारो विनंत्या मागत असतील तर एवढ्याने भागत नाही. तेथे मी रेडिसमध्ये ‘एनएक्स’ (नोंद आधी नसेल तरच लिही) आणि ‘ईएक्स’ (सेकंदांत मुदत) हे पर्याय देऊन लॉक, म्हणजे कुलूप, घेतो, म्हणजे एकच प्रोसेस क्वेरी चालवते आणि बाकीच्यांना तोपर्यंत जुनी प्रत मिळते. लॉकलाही मुदत हवीच, नाहीतर लॉक घेतलेली प्रोसेस मध्येच मेली की ती नोंद कोणीच ताजी करत नाही.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी चूक डेटा बदलतानाची आहे. डेटाबेसमध्ये नवी किंमत लिहायची आणि लगेच तीच कॅशमध्येही लिहायची, हे सोयीचे वाटते. पण दोन विनंत्या एकाच वेळी आल्या तर डेटाबेसमध्ये दुसरीची किंमत आणि कॅशमध्ये पहिलीची, असे सहज होऊ शकते. मी कॅशमधली नोंद फक्त पुसतो, तीही ट्रान्झॅक्शन कमिट झाल्यावर, म्हणजे डेटाबेसमधला बदल पक्का झाल्यावर. कमिटच्या आधी पुसली, तर मधल्या काळात आलेली विनंती जुनीच किंमत वाचून ती पुन्हा कॅशमध्ये ठेवते आणि मुदत संपेपर्यंत ग्राहक चुकीचा आकडा पाहत राहतात. जँगो आणि रेल्स या वेब फ्रेमवर्कमध्ये अनुक्रमे ‘ऑन कमिट’ आणि ‘आफ्टर कमिट’ याच कामासाठी आहेत, पण त्यांची माहितीपाने वाचण्याइतका धीर कोणाला असतो?

कीमध्ये (कॅशमधल्या नोंदीच्या नावात) ग्राहक क्रमांक नसेल तर एकाच्या ऑर्डर्स दुसऱ्याला दिसतात, भाषा नसेल तर एकाच्या भाषेतला मजकूर दुसऱ्याला. साठवलेल्या डेटाच्या रचनेचा आवृत्ती क्रमांकही तिथेच घालावा, म्हणजे कोडमधला क्लास (डेटाचा साचा) बदलल्यावर जुन्या नोंदी आड येत नाहीत. रेडिसमध्ये साधे ‘सेट’ (नोंद लिहिण्याची आज्ञा) केले की आधीची मुदत पुसली जाते, हे अनेकांना ठाऊक नसते. मेमकॅश्ड ३० दिवसांहून मोठी मुदत युनिक्स टाइमस्टॅम्प (१ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद) समजतो, त्यामुळे ६० दिवसांची नोंद जन्मतःच मुदतबाह्य ठरते. ६४ बिट रेडिसला मूळ मांडणीत मेमरीची मर्यादाच नसते. ती घालावी आणि ‘नोएव्हिक्शन’ हे धोरणही बदलावे, कारण त्या धोरणात मर्यादा गाठली की जुने काढले न जाता नवे लिहिणेच नाकारले जाते. प्रॉडक्शनवर (ग्राहक वापरतात त्या सर्व्हरवर) सगळ्या की एकदम शोधून तोवर रेडिस अडवून ठेवणारी ‘कीज’ ही आज्ञा चालवू नये, थोड्याथोड्या देणारी ‘स्कॅन’ आहे.

प्रत्येक मोठ्या बदलाआधी मी स्टेजिंगवर (चाचणीच्या सर्व्हरवर) रेडिस बंद करून लोड टेस्ट (कृत्रिम गर्दीची चाचणी) चालवतो. क्लायंटला (रेडिसशी बोलणाऱ्या कोडला) टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट पाहण्याची मर्यादा, दिलेला नसेल, किंवा कॅशची चूक झेलून डेटाबेसकडे वळणारा कोड कोणी लिहिलेलाच नसेल, तर ते तेथेच उघडे पडते.