फवारणीच्या औषधाच्या बाटलीवरचं लेबल अन आतलं घडीपत्रक नीट कसं वाचायचं

द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी झाली की आपल्या तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ पट्ट्यात ब्लोअर, म्हणजे फवारणीचं यंत्र, थांबत नाही, सगळं घाईत चालतंय, म्हणून आधीच सांगतो, बाटलीसोबत बारीक अक्षरातलं घडी घातलेलं पत्रक येतं ते टाकून देऊ नका, औषध आणलं त्याच दिवशी संध्याकाळी घरी बसून वाचा, टाकीजवळ उभं राहून नाही.

पहिल्यांदा बघायचं आपलं पीक अन आपला रोग दोन्ही त्यात एकाच ओळीत आहेत का. द्राक्ष लिहिलंय पण डाउनी, म्हणजे केवडा रोग, नाही, तर ते औषध आपल्या कामाचं नाही, दुकानदार काही म्हणू दे.

मग डोस, अन इथंच माणूस फसतंय. पत्रकात डोस बहुतेक वेळा हेक्टरी दिलेला असतो अन आपला सगळा हिशोब एकराचा. 1 हेक्टर म्हणजे जवळपास अडीच एकर. मी एका वर्षी हेक्टरचा आकडा तसाच एकराला धरला, अडीचपट औषध गेलं, चार दिवसात कोवळ्या पानांच्या कडा जळाल्या, बागेत जाऊ वाटत नव्हतं. तेव्हापासून आकडा वाचायच्या आधी तो कशाला आहे ते बघतो, पेनानं गोल करतो अन शेजारी एकराचा आकडा लिहून ठेवतो. पाणी किती लिटर तेही तिथंच असतं, तेही लिहा.

पीएचआय म्हणजे शेवटची फवारणी अन तोडणी यात किती दिवस सोडायचे ते. हे तोडणीपासून मागं मोजायचं. 20 फेब्रुवारीला माल काढायचा अन पीएचआय 30 दिवस, तर 21 जानेवारीनंतर ते औषध बंद. निर्यातीची बाग असली तर पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची, कोणती औषधं चालतात त्याची, त्या वर्षीची यादी बघा, गेल्या वर्षीची नको. 2010 ला क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढ रोखणाऱ्या औषधाचे अंश सापडले म्हणून युरोपात आपली द्राक्षं अडकली होती, ते जुन्या लोकांना चांगलं आठवतंय.

कृतीचा क्रम बदलायचा नाही. बोर्डोचंच बघा, म्हणजे मोरचूद अन चुन्याचं बुरशीवरचं मिश्रण, 1 टक्क्याला 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 100 लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं भिजवायचं, प्लास्टिकच्या भांड्यात, लोखंडी भांड्यात नाही, अन मोरचुदाचं पाणी चुन्यात हळूहळू ओतायचं, ढवळत ढवळत. उलटं केलं की मिश्रण फाटतं अन नोझल चोंदतंय. मग त्यात लोखंडी चाकू बुडवून बघा, तांबूस थर चढला तर अजून चुना पाहिजे. हे का करायचं ते कळलं की पायरी कोण गाळत नाही. केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवा.

लेबलवरच्या चौकोनाचा खालचा रंग बघा, लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. विषबाधेवरचा उतारा पण लेबलवर लिहिलेला असतोय, त्यामुळं कुणाला चक्कर, उलटी झाली तर दवाखान्यात बाटली सोबत न्या, डॉक्टरला त्यावरून लगेच कळतं.

अन शेवटचं, ब्लोअरवर जो गडी आहे त्याला हे सगळं वाचून दाखवा अन परत त्याच्याच तोंडून ऐका, किती औषध, किती पाणी, हातमोजे कधी घालायचे. मगच टाकी भरा.