आयलीन ग्रे शिकायची तर टेबलापासून

फर्निचर डिझाइन शिकवताना माझा एकच हट्ट असतो: डिझायनर आणि वास्तुविशारद आयलीन ग्रेची कारकीर्द सनावळीने वाचू नका. १९२७च्या सुमाराचं तिचं गोल टेबल आधी कागदावर उतरवा.

काचेचा माथा सुमारे ५१ सेंटिमीटर रुंद काढा. त्याला उभा आधार एकाच बाजूने द्या, स्टीलच्या नळीचा. आता शेजारी पलंग काढा आणि टेबल सरकवा. पाया पलंगाखाली जातो, माथा मांडीवर येतो. मागच्या दांड्याला भोकं आहेत. साखळीला बांधलेली खीळ हलवली की उंची बदलते. ही खीळ नीट काढा, घाई करू नका. वापरणाऱ्या माणसाचा सगळा विचार मला तिथे दिसतो.

मग मागे जा. जन्म १८७८, आयर्लंड. पॅरिसमध्ये सेइझो सुगावारा या जपानी कारागिराकडे ती लाखकाम, म्हणजे लाकडावर झाडाच्या चिकाचा चकचकीत लेप चढवणं, शिकली. एकावर एक पातळ थर, प्रत्येक थर वाळेपर्यंत थांबायचं, मग घासायचं. त्या लाखेने तिच्या हातांवर पुरळ उठायचं, तरी तिने काम सोडलं नाही.

शेवटी फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर तिने रचलेल्या ‘ई-१०२७’ घराचा नकाशा घ्या (१९२६–२९). ल कॉर्ब्युझिए या नामवंत वास्तुविशारदाने तिला न विचारता तिथे भित्तिचित्रं रंगवली, याचा मला आजही राग येतो. ती चित्रं बाजूला ठेवा. पलंग, कपाट, खिडकी एवढंच गिरवा आणि प्रत्येकापुढे लिहा: इथे हात कुठे पोचतो?