निरोगी तरुणांची फुप्फुसांची क्षमता स्पायरोमीटरवर कशी मोजावी

धडधाकट तरुणाचा स्पायरोमेट्रीचा, म्हणजे यंत्रात फुंकून हवा मोजण्याच्या तपासणीचा, आकडा कमी आला, तर पहिला संशय मोजमापावर घ्यावा, फुप्फुसांवर नंतर. रक्तदाब मोजताना माणूस नुसता बसून राहिला तरी चालतं. इथे त्याला छाती गच्च भरून, सगळा जोर लावून, शेवटपर्यंत फुंकावं लागतं. त्यात तो कमी पडला तर यंत्र मुकाट्यानं कमी आकडा दाखवतं. त्यामुळे ही तपासणी चांगली होते की वाया जाते, हे बहुतांशी फुंकायला सांगणाऱ्यावर ठरतं.

मोजायच्या गोष्टी मुख्यतः दोन. पूर्ण श्वास भरून जोरानं आणि शेवटपर्यंत बाहेर टाकलेली एकूण हवा म्हणजे एफव्हीसी. त्यातली पहिल्या एका सेकंदात बाहेर पडलेली हवा म्हणजे एफईव्ही-१. दुसऱ्याला पहिल्यानं भागलं की गुणोत्तर मिळतं.

आधी यंत्र तपासा

रोज काम सुरू करण्यापूर्वी ३ लिटरच्या कॅलिब्रेशन सिरिंजनं, म्हणजे नेमकी ३ लिटर हवा ढकलणाऱ्या मोठ्या पिचकारीनं, यंत्र पडताळा. दट्ट्या तीन वेगवेगळ्या वेगांनी ढकला: एकदा सावकाश, साधारण सहा सेकंदांत, एकदा मध्यम, आणि एकदा झटक्यात, अर्ध्या सेकंदात. तिन्ही वेळा आकडा २.९१ ते ३.०९ लिटरच्या आत यायला हवा. तपासणीत जो फिल्टर वापरणार, तोच पडताळणीच्या वेळीही बसवा, कारण फिल्टरचा अडथळाही मोजमापात येतो. सिरिंज यंत्राच्याच खोलीत ठेवा, म्हणजे दोन्हींचं तापमान सारखं राहील. आकडा सतत कमी येत असेल तर आधी जोडण्यांमधून हवा गळते का ते पाहा, मग सेन्सरवर थुंकी किंवा ओलावा साचलाय का ते.

शरीरातली हवा ३७ अंशांची आणि बाष्पानं भरलेली असते. खोलीत ती थंड होऊन आकुंचन पावते. २५ अंशांच्या खोलीत हा फरक सुमारे साडेसात टक्के भरतो आणि यंत्र तो हिशेबात धरतं. खोलीचं तापमान हातानं भरावं लागत असेल तर ते त्या दिवशीचं, थर्मामीटर पाहून भरा. कालचा आकडा तसाच ठेवू नका.

उंची स्वतः मोजा

फुप्फुसांची क्षमता उंचीबरोबर वाढते, हे ब्रिटिश वैद्य जॉन हचिन्सन यांनी १८४६ साली दोन हजारांहून अधिक माणसं मोजून दाखवलं. आजही अपेक्षित मूल्य उंची, वय आणि लिंग यांवरूनच काढतात. म्हणून उंची विचारून लिहू नका. लोक ती बऱ्याचदा वाढवून सांगतात आणि मग अपेक्षित आकडाही फुगतो. बूट काढून, टाचा जोडून, पाठ भिंतीला टेकवून, नजर समोर ठेवून उंची घ्या. वय शक्यतो जन्मतारखेवरून काढा.

मग काही प्रश्न. गेल्या तासाभरात धूम्रपान किंवा दमवणारा व्यायाम झालाय का? गेल्या आठ तासांत मद्य घेतलंय का? पट्टा किंवा कपडे छाती-पोटाला आवळतायत का? नुकतीच डोळ्याची, छातीची, पोटाची किंवा मेंदूची शस्त्रक्रिया झाली असेल, थुंकीतून रक्त येत असेल, तर ही तपासणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. तरुणांना आणखी एक प्रश्न मुद्दाम विचारा: कधी फुप्फुस फुटून छातीत हवा साठली होती का, किंवा आज अचानक एका बाजूला दुखतंय का? उंच, सडपातळ तरुणांमध्ये हा त्रास कुठल्याही आजाराविना उद्भवू शकतो.

फुंकण्याची कृती

हात असलेल्या, चाकं नसलेल्या खुर्चीत ताठ बसवा, दोन्ही पावलं जमिनीला टेकलेली. जोरात फुंकताना भोवळ येऊ शकते, म्हणून उभं राहून नको. नाकाला क्लिप लावा. माउथपीस दातांमध्ये धरून ओठ त्याभोवती घट्ट मिटायचे. जीभ खाली, नळीच्या तोंडाशी नाही. हे सगळं आधी स्वतः करून दाखवा. तोंडी वर्णनापेक्षा एकदा पाहिलेलं लवकर कळतं.

1. छाती पूर्ण भरेपर्यंत झपाट्यानं श्वास आत घ्यायला सांगा: "भरा, भरा, अजून भरा!"
2. भरल्यावर दोन सेकंदांपेक्षा जास्त थांबू न देता मोठ्यानं "फुंका!" म्हणा. सुरुवात स्फोटासारखी हवी.
3. "चालू ठेवा, चालू ठेवा" म्हणत राहा आणि नजर पडद्यावर ठेवा. शेवटच्या एका सेकंदात २५ मिलिलिटरपेक्षा कमी हवा आली, म्हणजे रेषा सपाट झाली, की उच्छ्वास पूर्ण झाला. १५ सेकंदांपुढे ताणू नका.
4. नळी तोंडातच ठेवून पुन्हा पूर्ण श्वास आत ओढायला लावा.

तिसऱ्या पायरीवर एक गैरसमज अजून टिकून आहे: सहा सेकंद झाले नाहीत तर फुंक बाद. तरुणांच्या मोकळ्या श्वासनलिका त्याआधीच रिकाम्या होतात. रेषा खरोखर सपाट झाली असेल तर चार सेकंदांची फुंकही ग्राह्य आहे.

काय चुकतं

सर्वांत फसवी चूक म्हणजे अर्धवट भरलेली छाती. बाकी बहुतेक चुका आलेखावर दिसतात, ही दिसत नाही. आलेख देखणा येतो, सुरुवात तीक्ष्ण, शेवट सपाट, गुणोत्तरही उत्तम. फक्त एफव्हीसी आणि एफईव्ही-१ दोन्ही खाली. पाहणाऱ्याला वाटतं, फुप्फुसंच लहान आहेत. तिला पकडण्यासाठीच चौथी पायरी आहे. फुंकल्यावर आत ओढलेली हवा बाहेर टाकलेल्या हवेपेक्षा १०० मिलिलिटर किंवा एफव्हीसीच्या ५ टक्के, यांतल्या मोठ्या आकड्याहून अधिक भरली, तर सुरुवातीला छाती पूर्ण भरलीच नव्हती. ती फुंक पुन्हा घ्या. चौथी पायरी वेळ वाचवण्यासाठी गाळणं म्हणूनच महागात पडतं.

सुरुवात रेंगाळली तर एफईव्ही-१ वर भरवसा ठेवता येत नाही. यंत्र हा उशीर हवेच्या मापात सांगतं. तोही १०० मिलिलिटर किंवा एफव्हीसीच्या ५ टक्के, यांतल्या मोठ्या मर्यादेत हवा. पहिल्या सेकंदात खोकला आला तर एफईव्ही-१ बाद. रेषा एकदम कापल्यासारखी थांबली तर घसा आवळला गेलाय. "घसा सैल सोडा, सुस्कारा टाकल्यासारखं" असं सांगितलं की बहुतेकांना जमतं. काही जण मध्येच नकळत आणखी एक श्वास घेऊन फुंकतात, त्यानं एफव्हीसी खोटी वाढते. क्लिप नसेल तर हे नाकातून घडतं आणि कळतही नाही. कुणी हात न लावता यंत्र हवा मोजत असेल, तर सेन्सर स्थिर धरून, पंख्याच्या झोतापासून दूर, शून्य पुन्हा लावा.

किती वेळा फुंकायचं

किमान तीन चांगल्या फुंका हव्यात. त्यांतल्या सर्वांत मोठ्या दोन एफव्हीसींमध्ये १५० मिलिलिटरपेक्षा जास्त फरक नको. एफईव्ही-१ लाही हीच अट. जमलं नाही तर विश्रांती देत पुढे चालू ठेवा, पण साधारण आठ प्रयत्नांवर थांबा. आकडे दर फुंकीला थोडे वाढत असतील तर माणूस शिकतोय, काळजी नको. उलट दर फुंकीला एफईव्ही-१ घसरत गेला, तर फुंकण्याच्या ताणानंच श्वासनलिका आवळत असण्याची शक्यता आहे. तो सुरुवातीच्या ८० टक्क्यांखाली गेला तर तपासणी थांबवा आणि दम्याच्या दृष्टीनं डॉक्टरांना दाखवायला सांगा.

अहवालात सर्वांत मोठी एफव्हीसी आणि सर्वांत मोठा एफईव्ही-१ लिहा, मग ते वेगवेगळ्या फुंकींतले असले तरी चालतात.

आकडा वाचताना

गुणोत्तर ०.७० च्या वर म्हणजे ठीक, हा सरधोपट नियम विशीतल्या माणसाला लावू नका. या वयात ते सहसा ०.८० च्या वर असतं आणि वयानुसार उतरतं, त्यामुळे ०.७२ सुद्धा अपेक्षेच्या खाली असू शकतं. वय आणि उंचीनुसार काढलेली खालची मर्यादा पाहा, म्हणजे झेड-स्कोर (आकडा अपेक्षित मूल्यापासून किती दूर आहे याचं माप) उणे १.६४५. ही मर्यादाच अशी आखलेली आहे की शंभर निरोगी माणसांतली पाच तिच्याखाली येणारच. शिवाय काहींची फुप्फुसं श्वासनलिकांच्या मानानं मोठी असतात. त्यांची एफव्हीसी अपेक्षेहून बरीच वर, एफईव्ही-१ उत्तम आणि गुणोत्तर मात्र थोडं खाली दिसतं. तक्रार काही नसेल तर असा आकडा आजार ठरत नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा मोजणार असाल तर तेच यंत्र, शक्यतो दिवसाची तीच वेळ आणि तीच बसण्याची पद्धत ठेवा. विशीनंतर काही वर्षांनी एफईव्ही-१ दरसाल साधारण २० ते ३० मिलिलिटरनं उतरू लागतो, आणि दोन चांगल्या फुंकींमधला मान्य फरकच १५० मिलिलिटरचा आहे. त्यामुळे एका वर्षाची किरकोळ घट खरी की मोजण्यातली, हे सांगता येत नाही. आकड्यांबरोबर प्रत्येक फुंकीचा आलेखही जपून ठेवा. शंका आली की तपासायला तोच लागतो.