गावचं पोरगं कामावर टिकवायचंय? आधी एसटीचं टाइमटेबल बघा

कोकणात कुठल्याही रिसॉर्टवाल्याला, काजू फॅक्टरीवाल्याला, बागायतदाराला विचारा, माणसं मिळत नाहीत हेच ऐकायला मिळतं. म्हणून आंब्याच्या बागेत नेपाळी, बोटीवर खलाशी नेपाळी, आणि त्याच गावातली दहावी-बारावी झालेली पोरं मुंबईला एका खोलीत दाटीवाटीने राहून सिक्युरिटीची नोकरी करतायत. पोरं आळशी आहेत हे मला अजिबात पटत नाही. गावात कामाला लागलेली पोरं काम सोडतात ती बहुतेक पहिल्या महिन्या-दोन महिन्यात, आणि त्याची बरीचशी कारणं आपल्या मालक लोकांच्या हातातली असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

पहिलं म्हणजे शोधायचं कुठे. व्हॉट्सॲपला स्टेटस ठेवलं की ज्यांच्या ओळखी आहेत तीच पोरं येतात. ज्यांना खरी गरज आहे ती आपणहून येत नाहीत, तुम्हालाच जावं लागतं. अंगणवाडीताई, आशाताई, बचत गटाच्या बायका, हायस्कूलचे सर यांना विचारा, कुठल्या घरात पोरगं शाळा सोडून बसलंय ते त्यांना तोंडपाठ असतं. रायगडात कातकरी वाडीवर जाणार असाल तर पावसाळ्यातच जा, कारण दिवाळीनंतर कितीतरी घरं वीटभट्टीवर जातात ती पाऊस तोंडावर आल्यावरच परत येतात. आणि नुसतं पोराशी नको, आईबापाशी बोला. मुलगी असेल तर आईला एकदा कामाची जागा दाखवा, टॉयलेट कुठे आहे, सोबत कोण बायका आहेत, संध्याकाळी उशीर झाला तर घरी कोण सोडणार, हे तिने न विचारता सांगा.

आता एसटी. वाडीतून सकाळची पहिली गाडी कधी आणि संध्याकाळची शेवटची कधी हे बघून ड्युटी ठरवा. शेवटची गाडी साडेसहाची आणि तुम्ही सोडणार सातला, मग ते पोरगं रोज रिक्षाला पैसे घालणार नाहीतर अंधारात चालत जाणार, आणि एक दिवस यायचं बंद होणार. अर्धा तास आधी सोडलंत तर तुमचं काही बिघडत नाही.

पगाराचं तर अजूनच महत्त्वाचं. ज्या घरात चूलच रोजच्या रोजावर पेटते तिथे महिनाभर थांबा म्हणणं म्हणजे नको येऊस म्हणण्यासारखंच आहे, म्हणून पहिले दोन-तीन महिने दर आठवड्याला पैसे द्या. पण उचल देऊन बांधून ठेवू नका. वीटभट्टीवर तेच होतं, आणि कर्जापोटी माणूस राबवून घेणं १९७६ च्या वेठबिगार कायद्याने गुन्हा आहे. ओरिजिनल कागद पण ठेवून घ्यायचे नाहीत, झेरॉक्स पुरे.

कागदांचं म्हणाल तर आधार, बँक खातं, जन्माचा दाखला एवढं तरी लागतं, आणि बऱ्याच पोरांचं काहीतरी अडकलेलं असतं, आधारवर नाव एक आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरं. एक दिवस ऑफिसातल्या माणसाला सोबत पाठवा, काम होतं. वय नीट तपासा, १४ च्या आतलं मूल कामावर नकोच, आणि १८ च्या आतल्याला धोक्याचं काम चालत नाही.

सरकारी मदत आहे, ती घ्या. १९६१ चा शिकाऊ उमेदवार (अप्रेंटिस) कायदा फक्त मोठ्या कंपन्यांना असतो असं लोक समजतात. ३० आणि वर माणसं असतील तर शिकाऊ घेणं बंधनकारक आहे, पण ४ ते २९ माणसं असलेला छोटा धंदासुद्धा स्वतःहून शिकाऊ घेऊ शकतो. केंद्राच्या नॅप्स (राष्ट्रीय शिकाऊ उमेदवार प्रोत्साहन) योजनेत ठरलेल्या स्टायपेंडचा, म्हणजे विद्यावेतनाचा, २५ टक्के, महिन्याला १५०० रुपयांपर्यंत वाटा सरकार देतं, आणि २०२३ पासून तो थेट पोराच्या खात्यात जातो. नोंदणी अप्रेंटिसशिपच्या पोर्टलवर. अडलात तर जिल्ह्याच्या कौशल्य विकास आणि रोजगार मार्गदर्शन केंद्रात किंवा जवळच्या आयटीआयत जाऊन बसा.

शिकवणार कोण ते आधी ठरवा. एकाच जुन्या माणसाकडे सोपवा आणि त्याला त्याचे थोडे पैसे वाढवून द्या, नाहीतर तो शिकवणार नाही, नुसतं झाडू मारायला लावेल. वाडीवरून, जातीवरून, बोलण्यावरून कोणी टोमणे मारले तर त्याच दिवशी सगळ्यांसमोर थांबवा. पोरं पगारापेक्षा याने जास्त सुटतात असं मला वाटतं.

सीझनचा प्रश्न राहतोच. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, टुरिस्ट कमी, मग आपण पोरांना घरी पाठवतो आणि ती ऑगस्टमध्ये परत येत नाहीत. जमेल तेवढा पगार चालू ठेवून हेच दोन महिने शिकवायला वापरा: इंजिन खोलणं, एसीची सर्व्हिसिंग, बिलिंग, गिऱ्हाइकाशी फोनवर बोलणं. गणपती आणि शिमग्याची सुट्टी मात्र आधीच वाटून कागदावर लिहून लावा, अर्धे गणपतीला, अर्धे शिमग्याला, म्हणजे ऐनवेळी भांडण नाही.