जुन्या घरातलं किचन आणि डायनिंग दोघांनी मिळून करायचं असेल तर (बेळगावकडच्यांसाठी)

आधीच सांगते, टाइल्स बघायला लगेच जाऊ नका. सगळ्यांची गाडी तिथूनच सुटते, नवराबायको रविवारी शोरूमला जाणार, मोबाइलभर फोटो काढून आणणार, रंगावरनं दोन दिवस अबोला धरणार, आणि ज्या भिंतीवर ती टाइल बसायचीय ती आतनं ओली आहे का कोरडी हे कुणी बघितलेलंच नसतं. किचनचं काम आतनं बाहेर येतं. ओल, मग पाण्याच्या लाइनी, मग वायरिंग, मग कट्टा, मग टाइल, मग रंग, आणि फोटोत दिसतं ते सगळ्यात शेवटी. हा क्रम मोडला की केलेलं फोडायला लागतंय.

आम्ही दोघांनी बेळगावातल्या शहापुरातल्या सासरच्या घराचं स्वयंपाकघर आणि त्याला लागून असलेलं माजघर केलं, माजघराचं आता डायनिंग झालंय. गल्लीतलं घर आहे, लाल चिऱ्याच्या जाड भिंती, चिऱ्यांच्या मधे सिमेंट नाही माती, वर कौलं. बेळगाव-खानापूर पट्ट्यात अशी घरं कितीतरी आहेत आणि मी लिहितेय ते त्यांच्यासाठीच, फ्लॅटवाल्यांनी लागू पडेल तेवढं घ्या.

कामाला मुहूर्त म्हणाल तर संक्रांत ते पाडवा. दिवाळी झाली की लगेच हात घालावासा वाटतो पण चार महिन्यांचा पाऊस भिंतीत मुरलेला असतो, तो सुकू दे की. आणि एप्रिल-मेवर ढकललं तर पाण्याची बोंब. शहरातल्या काही वॉर्डांत 2008 पासून चोवीस तास पाणी आलंय त्यांचं ठीक आहे, पण बाकी ठिकाणी नळाची वाट बघत बसायचं आणि इकडं नवीन गिलाव्याला निदान 7 दिवस दिवसातनं दोन-तीनदा पाणी मारायचं हे जमत नाही. त्यात वळीव कधी येईल सांगता येत नाही. एक मोठं बॅरल भरून ठेवल्याशिवाय छिन्नीला हात लावू नका.

आता दोघांनी काय करायचं आणि काय नाही. जुनी टाइल काढणं, सुटा गिलावा पाडणं, टाइल बसवणं, ग्राउट (टाइलांमधल्या फटी भरणं), पुट्टी, रंग, मांडणी, टेबल हे सगळं नवराबायकोला जमतंय, थोडा धीर पाहिजे एवढंच. मेन लाइनचं वायरिंग लायसन्सवाल्या वायरमनकडनंच. पाइपगॅस असेल तर तो पाइप स्वतः हलवायचा नाही, कंपनीचा माणूस बोलवायचा. भिंत पाडून किचन आणि डायनिंग एक करायचं मनात असेल तर मातीतल्या भिंतीला तो खेळ नको, वरचा भार कुठं बसलाय हे इंजिनियरला दाखवल्याशिवाय एक चिरासुद्धा काढू नका. आणि गल्लीतल्या घरात बाजूची भिंत बऱ्याचदा सामाईक असते, शेजाऱ्यांना न विचारता त्यात खाच मारली तर काम राहील बाजूला आणि भांडण पुढच्या पिढीपर्यंत चालेल.

तेवढे दिवस स्वयंपाक कुठं हे पण आधीच ठरवा. पुढच्या सोप्यात किंवा परसात शेगडी मांडता येते, पण एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साठून राहतो, म्हणून बंद खोलीत सिलिंडर नको. सिलिंडर उभाच ठेवायचा आणि शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर, टेबलावर वगैरे.

ओलीकडं येऊ. भिंतीवर पांढरी पावडर फुटलेली दिसते, रंग पापड्या होऊन पडतो, त्याला आपण लोणा लागला म्हणतो. त्यावर पुट्टी मारून झाकणारे लोक मी बघितलेत, पाऊस आला की पुट्टीसकट खाली. आधी ओल कुठनं येते ते शोधायचं. फूटभर प्लास्टिकचा चौकोन घ्या, भिंतीला चारी बाजूंनी टेप लावून हवाबंद चिकटवा आणि एक-दोन दिवस राहू दे. काढताना भिंतीकडच्या बाजूला थेंब असतील तर पाणी भिंतीच्या आतनं येतंय, खोलीकडच्या बाजूला असतील तर ती स्वयंपाकाची वाफ आहे, तिला खिडकी नाहीतर एक्झॉस्ट हे औषध. आतनं येत असेल तर फुटलेलं कौल, पन्हळीचं पाणी भिंतीवर पडणं, मोरीची गळती, बाहेरची गटार हे एकेक तपासा. आणि सगळ्या भिंतीला सिमेंट फासू नका. माती-चिऱ्याची भिंत श्वास घेते, वरनं सिमेंटनं बंद केली की ओल जागा मिळेल तिथनं वर चढते. आम्ही सिमेंटचा गिलावा फक्त सिंक आणि कट्ट्यामागच्या पट्ट्यात केला, वर चुन्याचाच ठेवला. मेस्त्री नाक मुरडतात कारण चुन्याला वेळ लागतो, मुरडू देत.

मापं घेताना एकच पद्धत धरा. आपल्याकडं मेस्त्री कन्नडात माप सांगतो, आपण मराठीत लिहितो, दुकानदार टाइल मिलिमीटरमध्ये विकतो आणि ग्रॅनाइट फुटात कापतो, यात एखादा इंच कुठंतरी पडतोच. वहीत दोन रकाने करा, फूट-इंच आणि मिमी, आणि माप एकानं घ्यायचं आणि दुसऱ्यानं परत घ्यायचं.

कट्ट्याची उंची. दुकानात 34 इंच म्हणून सांगतात, ते कुणासाठी? जी व्यक्ती जास्त वेळ उभी राहणार तिनं चप्पल घालून उभं राहायचं, कोपर काटकोनात वाकवायचं आणि कोपरापासून 5-6 इंच खाली खूण करायची, ती तुमची उंची. ज्यांच्याकडं रोज जोंधळ्याची भाकरी थापतात त्यांनी अजून थोडी खाली, कारण थापताना वरनं जोर लागतो, कट्टा उंच असला की खांदे भरून येतात. आमच्यात भाकरी सासूबाई थापतात, चपात्या हे लाटतात (हो, लाटतात), म्हणून माप सासूबाईंचं. कट्ट्याची पुढनं मागं रुंदी 24 इंच भरपूर झाली.

वरचा दगड बेळगावात काळा ग्रॅनाइट सहज मिळतो, लाल आवडत असेल तर इलकलचा. 18 मिमी जाडीचा दगड चौरस फुटाला साडेचार किलोच्या आसपास भरतो, म्हणजे 8 बाय 2 फुटाचा एक तुकडा 70 किलोच्या वर. हा नवराबायकोनं उचलायचा नाही, दुकानाची माणसंच बसवू देत. सिंकचं भोक आणि पुढच्या कडेच्या खाली पाणी तुटायची बारीक खाच दुकानातच मारून घ्या, त्या खाचेमुळं सांडलेलं पाणी दारांवर न ओघळता खाली पडतं. खालचे कप्पे कडप्प्याचे करा असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्या लाल मातीत वाळवी आहे आणि पावसाळा आहे, सिंकखाली प्लायवूड म्हणजे दोघांना आमंत्रण. प्लाय घालायचाच असेल तर आयएस 710 छापलेला मरीन घ्या आणि जमिनीपासून 4 इंच उचलून ठेवा.

पाण्याची लाइन सीपीव्हीसीची (एक प्रकारच्या प्लास्टिक पाइपची) केली तर गरम-थंड दोन्हीला चालते. पाइप सरळ कापा, कडेची भुसकट काढा, सोल्युशन लावून पाव फेरी फिरवत आत घाला आणि अर्धा मिनिट दाबून धरा. रात्रभर तसंच राहू दे, मग पाणी सोडून दिवसभर बघा, जॉइंट कोरडे राहिले तरच खाच बुजवा. सिंकच्या वेस्ट पाइपला 10 फुटाला 3 इंच उतार पाहिजे.

वायरमनला बसवून आधी विचारा कुठं काय ठेवणार आहात. मिक्सर, फ्रिज, डोशाच्या पिठाचा ग्राइंडर, इंडक्शन, ओव्हन. 2000 वॅटचं इंडक्शन 230 व्होल्टवर जवळजवळ 9 अँपिअर ओढतं, म्हणजे 6 अँपिअरच्या साध्या प्लगवर ते लावायचंच नाही, त्याला 16 अँपिअरचा पॉइंट आणि वेगळी वायर. बोर्डावर 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की आपोआप लाइट तोडणारा स्विच) घालाच, ओल्या हातानं स्विच दाबणारे आपण. खाचा बुजवायच्या आधी सगळ्या भिंतींचे फोटो काढून ठेवा, पुढं ड्रिल मारताना वायर कुठनं गेलीय ते कळतं.

आता टाइल, ज्याच्यासाठी तुम्ही हे वाचायला घेतलंय. समजा एल आकाराचा कट्टा 8 अधिक 5 फूट आहे आणि टाइल वर 2 फूट न्यायचीय, तर 26 चौरस फूट झाले, त्यात कटिंग-तुटीचे 10 टक्के धरा, 29 झाले. 12 बाय 18 इंचाची एक टाइल दीड चौरस फूट भरते, म्हणजे 20 नग. सगळ्या बॉक्सवरचा बॅच नंबर आणि शेड नंबर एकच आहे का ते दुकानातच बघा, घरी आल्यावर उजेडात फरक दिसतो आणि मग दुकानदार ओळख दाखवत नाही.

भिंत हातोडीच्या दांड्यानं ठोकून बघा, ढब आवाज येतो तिथला गिलावा सुटलाय, तो काढून परत करा. नवीन गिलावा पूर्ण सुकल्यावरच पुढं. आम्ही टाइल अ‍ॅडेसिव्हनं लावली कारण नवख्याला हलवायला वेळ मिळतो. सिमेंटच्या मालात लावणार असाल तर सिरॅमिक टाइल आधी पाण्यात भिजवायची, अ‍ॅडेसिव्हला भिजवायची नाही, हे दोन उलटं करू नका. अ‍ॅडेसिव्हची पावडर पाण्यात घालायची, पाणी पावडरीत नाही, श्रीखंडाइतकं घट्ट कालवायचं, 5-10 मिनिटं ठेवून परत एकदा ढवळायचं. 20 किलोच्या पोत्यात साधारण 40 ते 50 चौरस फूट होतं, भिंत वाकडी असेल तर कमी.

सुरुवात कोपऱ्यातनं करू नका, जुन्या घराचा एकही कोपरा गुण्यात (काटकोनात) नसतो. भिंतीचा मध्य काढा, ओळंब्यानं उभी रेघ मारा, आणि मधनं दोन्हीकडं जा म्हणजे दोन्ही टोकांना सारखेच तुकडे येतात. कट्ट्यावर टाइल थेट टेकवायची नाही, 2-3 मिमी फट ठेवून नंतर सिलिकॉन भरायचं. भिंतीवर दातेरी थापीनं आडव्या रेघा ओढायच्या, 15-20 मिनिटांत लागेल तेवढ्याच जागेत, जास्त फासलं की वर साय धरते आणि टाइल चिकटत नाही. टाइल दाबताना जरा वरखाली सरकवायची. पहिल्या दोन-तीन टाइल लावल्या की एक काढून मागं बघा, सगळीकडं माल लागलाय ना, पोकळ राहिलं तर पुढं कुकर आपटल्यावर तिथंच तडा जाणार. एकानं लावायची, दुसऱ्यानं स्पेसर (फट सारखी ठेवणारे प्लास्टिकचे तुकडे) घालून लेव्हल बघायची आणि ओल्या फडक्यानं लगेच पुसायचं, वाळल्यावर ते खरवडताना नखं जातात. आम्ही दारात बसून कटर चालवत होतो तर समोरच्या काकू म्हणे, "हे काय करूलालाय गा तुम्ही, मेस्त्री मिळाला नाही काय?" ग्राइंडरनं कापताना गॉगल आणि मास्क पाहिजेच, ती धूळ छातीत जाते.

ग्राउट 24 तासांनी. गॅसच्या मागं इपॉक्सी ग्राउट घ्या, महाग आहे पण साध्या सिमेंट ग्राउटमध्ये हळद बसली की जात नाही. इपॉक्सी मात्र हातभर जागा भरायची की पुसायची, भरायची की पुसायची, चहाला उठलात तर दगड होतो.

भिंतीवर वरची जड कपाटं चिऱ्याच्या घरात टाळा. चिरा सच्छिद्र, मधे माती, प्लास्टिकचा गट्टू काही दिवस धरतो आणि वर्षाचा तांदूळ-मसाल्याचे डबे चढले की ओघळतो. त्यापेक्षा जमिनीवर उभी राहणारी लोखंडी चौकट उद्यमबागेत (बेळगावची औद्योगिक वसाहत) एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याकडनं वेल्डिंग करून आणा, भिंतीला फक्त टेकवायची आणि झुकू नये म्हणून दोन लांब अँकर.

गॅस परत जोडताना नळी आयएसआयची, दीड मीटरपेक्षा लांब नको, 5 वर्षं झाली असतील तर बदलूनच टाका. सिलिंडर कप्प्यात ठेवणार असाल तर दाराला खालच्या बाजूला जाळी पाहिजे. जोडल्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा, काडी लावून नाही.

डायनिंगला खर्च कमी, डोकं जास्त. माणशी 2 फूट कड धरा, टेबलाची उंची 30 इंच, खुर्ची मागं सरकायला भिंतीपर्यंत निदान अडीच-तीन फूट. माजघर अरुंद असेल तर एका बाजूला भिंतीलगत बाक करा, खुर्च्यांची जागा वाचते. आम्ही माळ्यावर पडलेलं जुनं सागवानी दार टेबलाला वापरलं आणि पाय उद्यमबागेतनंच करून आणले. जुन्या दारावर ऑइलपेंट असेल तर तो कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं. आपल्याकडं घरगुती रंगात 90 पीपीएमपेक्षा जास्त शिसं नको हा नियम नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला, तुमचं दार त्याच्या कितीतरी आधीचं असणार. पाणी मारत घासायचं, मास्क घालायचा, पोरांना मामाकडं पाठवायचं. खिळे सगळे काढा, मग 80, 120, 220 नंबरचा पॉलिशपेपर याच क्रमानं, लाकडाच्या रेषेच्या दिशेनं.

वर पॉलियुरेथेनचे (पारदर्शक वॉर्निशचे) पातळ दोन-तीन हात मारले तर आमटी सांडली तरी काळजी नाही. लाकडाचा स्पर्श आवडत असेल तर जवसाचं तेल, पण मग गरम पातेलं थेट ठेवायचं नाही आणि अधनंमधनं परत तेल द्यायचं. तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका हं, जवसाचं तेल सुकताना तापतं आणि गोळा झालेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. परसातल्या दोरीवर सुटी सुटी पसरून पूर्ण कडक होईपर्यंत वाळवा आणि मगच कचऱ्यात टाका.