नकाशा कागदावर काढताना लेयर गायब होतात? या चुका टाळा

स्क्रीनवर सगळं दिसत होतं, कागदावर मात्र अर्धं आलंच नाही. ही तक्रार घेऊन सोलापुरातली इंजिनिअरिंगची मुलं, सर्व्हेअर आणि ठेकेदारांची माणसं माझ्याकडे येतच असतात. फाइल उघडून बघितली की प्लॉटर, म्हणजे मोठे कागद छापणारं मशीन, निर्दोष निघतो. रस्ते, पाण्याची लाइन, झाडं असा एकेक थर म्हणजे लेयर. कोणता लेयर कोणत्या स्केलपर्यंत दिसावा, हे कुणीतरी कागद ठरवायच्या आधीच भरून ठेवलेलं असतं. मी क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर वापरतो, त्यामुळे खालचं सगळं त्याला धरून आहे.

कागद बदलला, मर्यादा तीच राहिली

सगळ्यात महागात पडते ती ही चूक. ए१ कागद ८४१ बाय ५९४ मिलिमीटरचा, ए३ ४२० बाय २९७ चा. लांबी-रुंदी निम्मी झाली. तेवढाच भाग ए३ वर बसवला की १:५००० चा (कागदावरच्या १ सेंटिमीटरला जमिनीवरचे ५० मीटर) नकाशा १:१०,००० चा होतो. एखाद्या लेयरची मर्यादा १:७५०० असेल, म्हणजे त्याहून मोठ्या आकड्याच्या स्केलला तो दिसू नये असं ठरलेलं असेल, तर तो ए३ वर येणार नाही. एरर येत नाही, साधी सूचनाही येत नाही.

जुन्या शहरातल्या पाण्याच्या लाइनचा एक नकाशा होता. टिळक चौक, मधला मारुती असा सगळा दाटीचा भाग. ए१ वर १:५००० ला तो व्यवस्थित निघाला होता. फील्डवर एवढा मोठा कागद कसा सांभाळायचा, म्हणून काम घेतलेल्या एजन्सीतल्या पोराने पानाचा साइज ए३ केला, नकाशा पानभर बसवला आणि पीडीएफ पाठवून दिली. रस्ते होते, लाइन होती, बाजूच्या लेजंडमध्ये, म्हणजे चिन्हांच्या यादीत, व्हॉल्व्हचं निळं चिन्हसुद्धा होतं. नकाशात मात्र एकही व्हॉल्व्ह नव्हता.

गळती काढायला गेलेल्या माणसांनी कागदावर विश्वास ठेवला. जवळ व्हॉल्व्ह नाही असं धरून त्यांनी लांबची मोठी चावी बंद केली. चावीवाला आला तेव्हा कागद बघून म्हणाला, "साहेब, या बोळाच्या तोंडालाच व्हॉल्व्ह हाय की. मी फिरवतो ना तो. तुमच्या कागदावर कुठाय?" तोवर आसपासच्या गल्ल्यांची पाण्याची पाळी हुकली होती. ज्या गावात पाणी दिवसाआड येण्याचीही खात्री नसते, तिथे पाळी हुकणं म्हणजे काय हे सोलापूरकराला सांगायला नको.

म्हणून माझी सवय अशी: ज्याच्याशिवाय नकाशाचा उपयोगच नाही, त्या लेयरवर मी स्केलची मर्यादा लावतच नाही. त्याचं चिन्ह बदलतो. रूल-बेस्ड सिम्बॉलॉजीत, म्हणजे नियमांनुसार चिन्ह ठरवायच्या सोयीत, दोन नियम करायचे. १:७५०० पर्यंत पूर्ण चिन्ह आणि नंबर, त्यापुढे नुसता बारीक ठिपका. मर्यादा लावायची ती घरांच्या बाह्यरेषा, विजेचे खांब, झाडं यांना. आणि आहे त्या लेआउटचा, म्हणजे छापायला मांडलेल्या पानाचा, कागद कधीच बदलत नाही. लेआउटची डुप्लिकेट काढतो आणि नावातच कागद आणि स्केल लिहितो, "ए३ १०,०००" असं. पाच मिनिटं वाचवायला पानाचा साइज बदलणाऱ्यांना माझं हेच सांगणं आहे.

लेजंडमध्ये "ओन्ली शो आयटम्स इनसाइड लिंक्ड मॅप्स" वर टिक ठेवा. नकाशात जे आलं नाही, ते लेजंडमधूनही जातं आणि तपासणारा लगेच विचारतो, व्हॉल्व्ह कुठे गेले?

बरोबर काठावरचा आकडा भरणं

नकाशा १:५००० ला काढायचा म्हणून लेयरच्या स्केल-मर्यादेत मिनिममच्या चौकटीतही ५००० भरतात. ती मर्यादा स्वतःला धरत नाही. बरोबर १:५००० ला लेयर दिसत नाही, १:४९९९ ला दिसतो. मुलं तासभर डोकं आपटतात आणि शेवटी लेयर नव्याने आणतात. मी नेहमी थोडा पुढचा आकडा भरतो, ५००० साठी ६०००. मिनिमम म्हणजे दूरची, मोठ्या आकड्याची बाजू, हेही उलटं भरलेलं पुष्कळदा सापडतं.

स्क्रीनवर बघून ठरवणं

लेयर पॅनेलमध्ये एखादं नाव करडं झालं, तर ते कॅनव्हासच्या, म्हणजे स्क्रीनवरच्या मुख्य नकाशाच्या, स्केलमुळे. लेआउटमधल्या नकाशाचं स्केल वेगळं असतं आणि कागदाला तेच लागू होतं. लेआउटमध्ये मॅप आयटम निवडला की वर एक बटण मिळतं, त्याने तिथलं स्केल मुख्य कॅनव्हासला देता येतं. ते देऊन मग पॅनेल बघा. खालच्या पट्टीतला मॅग्निफायर १०० टक्क्यांवर आहे ना, तेही बघा.

तरीही माझा खरा भरवसा ए४ च्या तुकड्यावर. सगळ्यात दाट भाग, माझ्याकडे बहुतेक वेळा नवी पेठ, त्याच स्केलला ए४ वर काढतो आणि हातात धरून वाचतो. छत्तीस इंची रोल वाया घालवण्याआधी हे करायला नव्या मुलांना जड का जातं, मला कळत नाही.

छोट्या, पण रोजच्या

लेबलची स्केल-मर्यादा वेगळी असते, लेबलच्या रेंडरिंगमध्ये. लेयर आला आणि नावं आली नाहीत, तर आधी तिथे बघा.

अॅटलास, म्हणजे एकाच लेआउटमधून प्रत्येक भागाचं वेगळं पान, काढताना "मार्जिन अराउंड फीचर" ठेवलं की प्रत्येक पानाचं स्केल वेगळं होतं. अकरा तालुक्यांची पानं काढा, उत्तर सोलापूरच्या पानावर ओढे दिसतील आणि पसरलेल्या करमाळ्याच्या पानावर गायब होतील. फिक्स्ड स्केल घ्या, नाहीतर मर्यादा सगळ्यात मोठ्या तालुक्याला पुरेल अशी ठेवा.

मागे ऑनलाइन टाइल्सचा (तयार चौकोनी चित्रांच्या तुकड्यांचा) बेसमॅप असेल तर ३०० डीपीआयला तो जास्त झूमच्या टाइल्स ओढतो आणि गल्ल्यांची नावं मुंगीएवढी होतात. त्यावर स्केलच्या मर्यादेने काही होत नाही. रस्ते आपल्या डेटातून घ्या.

ऑटोकॅडवाल्यांनी अॅनोटेटिव्ह टेक्स्टला (स्केलनुसार आकार घेणाऱ्या अक्षरांना) त्या व्ह्यूपोर्टचं, म्हणजे पानावरच्या नकाशाच्या खिडकीचं, स्केल जोडलं आहे का ते बघावं, आणि व्ह्यूपोर्ट लॉक करावा.

प्रोजेक्ट ईपीएसजी ३८५७ मध्ये, म्हणजे ऑनलाइन नकाशांच्या प्रक्षेपणात, ठेवून स्केलवर बोलूच नका. सोलापूरच्या अक्षांशावर, म्हणजे साधारण १७.७ अंशाला, त्यात लांबी जवळपास पाच टक्के फुगते. दाखवतो १:५०००, प्रत्यक्षात असतो १:४७६० च्या आसपास. आपल्यासाठी योग्य प्रक्षेपण यूटीएम ४३ उत्तर, ईपीएसजी ३२६४३.

आणि पीडीएफ छापताना "फिट" नको, "अॅक्च्युअल साइज". फिटने नकाशा आक्रसतो, वर लिहिलेलं १:५००० तसंच राहतं. कागद निघाला की फूटपट्टी लावा. १:५००० ला स्केलबारवरचे ५०० मीटर बरोबर १० सेंटिमीटर भरले पाहिजेत. साडेनऊ भरले तर तो कागद साइटवर पाठवू नका, पुन्हा काढा.